बोटे परकी झाली तेव्हा : जॅकलिन दु प्रे

पाश्चात्त्य संगीताशी आपल्याकडील वाचकांचा परिचय बेताचाच असतो. बीथोव्हन, मोझार्ट ही नावे कानांवरून गेलेली असतात, त्यापलीकडे फारसे काही नाही. त्यामुळे जॅकलिन दु प्रे हे नाव या अंकाच्या पुष्कळ वाचकांना नवे वाटेल. इंग्लंडात मात्र १९६० नंतरच्या दहा वर्षांत संगीताची थोडीबहुत आवड असलेल्या प्रत्येक घरात ते पोचले होते. मी स्वतः संगीतातला जाणकार नव्हे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि मज्जासंस्थेचा भाग आला की या बाईची हकिकत वर्गात सांगतो. तासाला ती पाच मिनिटांत उरकावी लागते. येथे जरा सविस्तर सांगण्याची संधी घेत आहे.

जॅकलिनचा जन्म २६ जानेवारी १९४५ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील डेरेक हिशेबनीस, आई आयरिस पियानो वाजवणारी आणि शिकवणारी. चारेक वर्षांची असताना जॅकलिनने रेडिओवर सेलोचा आवाज ऐकला आणि तसला आवाज काढणारी वस्तू आपल्याला हवी असा हट्ट धरला. हट्ट पुरवला गेला. पोरीला वाजवता येतील अशा छोट्या छोट्या रचना आई स्वतः करी, कागदावर चित्रे काढून त्या सजवी आणि रात्री मुलगी झोपली की तिच्या उशाशी ठेवून देई. सकाळी डोळे उघडताच पोर वाद्याकडे धाव घेई. एखाद्या मुलाला संगीत कसे शिकवावे याचा याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही.

ज्यांनी सेलो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दिसायला तो व्हायोलिनच्या जातीचा, पण आकाराने पुष्कळ मोठा. खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून वाजवावयाचा. तारा चार. उजव्या हातात गज, डाव्या हाताची बोटे तारांवर. आपल्या सारंगीप्रमाणेच यालाही पडदे नसतात. सतारीवर पडदा असतो, बोट केसभर इकडेतिकडे पडले तरी सूर बहुधा सावरला जातो. सेलोत ती सोय नाही. बोट जिथे पडेल तिथला सूर, आणि वरच्या सुरांकडे जावे तसतशी दोन सुरांमधली जागा आकसत जाते. उजव्या हाताचे कामही तितकेच नाजूक. गजाचे वजन तारेवर किती टाकावयाचे, ते कोणत्या क्षणी काढून घ्यावयाचे, हे मनगट आणि बोटे मिळून क्षणाक्षणाला ठरवीत असतात. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढची सगळी हकिकत यातच आहे.

दहाव्या वर्षी ती विल्यम प्लीथ या गुरूकडे गेली. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, पोर्तुगीज सेलोवादिका सुजिया हिच्या नावाने दिले जाणारे पारितोषिक तिला मिळाले आणि शिक्षणाच्या खर्चाची काळजी मिटली. ती तेरा वर्षांची असताना प्लीथ यांनी तिच्या हाती एल्गर या इंग्रज संगीतकाराचा सेलो कन्चेर्तो ठेवला. १९१९ सालची ही रचना; पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले, रचनाकार साठीच्या घरातला, आणि रचनेत वार्धक्याची व वियोगाची छाया. चार-सहा दिवसांनी मुलगी शिकवणीला आली ती पहिला भाग तोंडपाठ करून. गुरुजी थक्क झाले. नवे ते चटकन उचलणारी बुद्धी आणि ते तितक्याच चटकन बोटांत उतरवणारा हात, असा हा दुर्मिळ जोड होता.

१ मार्च १९६१ रोजी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये तिचा पहिला मोठा जलसा झाला. वय सोळा. पहिल्याच रचनेत एक तार सैल पडली. ती थांबली, आत गेली, तार बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढच्या वर्षी रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये तिने एल्गरचा कन्चेर्तो वाजवला आणि मग ती रचना जणू तिच्याच नावावर चढली. १९६५ मध्ये सर जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली तिने केलेले तिचे ध्वनिमुद्रण आजही आवडीने ऐकले जाते. गंमत अशी, की १९१९ मध्ये ही रचना प्रथम वाजली तेव्हा वाद्यवृंदात मागे सेलो घेऊन बसलेल्या तरुणांत हे बार्बिरोलीच होते. एका चाहतीने नाव गुप्त ठेवून तिला १७१२ साली स्ट्रॅडिव्हरियसने घडवलेला ‘डेव्हिडॉव्ह’ नावाचा सेलो भेट दिला. १९६६ मध्ये ती मॉस्कोला रोस्ट्रोपोविच यांच्याकडे काही महिने शिकून आली.

त्याच वर्षाच्या नाताळात तिची आणि पियानोवादक डॅनिएल बारेनबॉइम यांची भेट झाली. पुढच्या जूनमध्ये, अरब-इस्राएल युद्ध संपून आठवडा होतो न होतो तोच, जेरुसलेममध्ये ज्यू पद्धतीने दोघांचे लग्न लागले. या लग्नाला मुंबईत जन्मलेले आपले पारशी संगीत-संचालक झुबिन मेहता हजर होते. साक्षीदार ज्यू असणे आवश्यक, म्हणून त्यांचे तेवढ्यापुरते ‘मोशे कोहेन’ असे बारसे करण्यात आले! या मित्रमंडळींची १९६९ सालची एक चित्रफीत आहे. शूबर्टच्या ‘ट्राउट’ या पंचवाद्य रचनेची. तीत बारेनबॉइम, पर्लमन, झुकरमन आणि जॅकलिन आहेत, आणि संचालनाची छडी बाजूला ठेवून मेहता चक्क डबल-बास वाजवताहेत. पाचही जण पंचवीस-तिशीच्या आसपासचे. रंगमंचावर जाण्यापूर्वी एकमेकांची वाद्ये हिसकावून चाललेला त्यांचा धांगडधिंगा पाहण्यासारखा आहे.

ख्रिस्टोफर नूपेन यांनीच घेतलेली १९६७ ची दुसरी एक चित्रफीत मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो. तीत एल्गरचा कन्चेर्तो आहे. संगीत कळो न कळो, तिच्या नजरेकडे लक्ष द्या, असे मी सांगतो. ती पतीकडे पाहते, वाद्यवृंदाकडे पाहते, मध्येच डोळे मिटते. स्वतःच्या बोटांकडे पाहण्याची तिला फारशी गरजच पडत नाही. डाव्या हाताचे बोट आत्ता कुठे आहे हे बोटच मेंदूला कळवीत असते.

या कळवण्यातच बिघाड झाला. १९७० च्या आसपास तिला कधी पायांना, कधी हातांना बधिरता जाणवू लागली. थकवा तर इतका, की झोपून उठले तरी उतरत नसे. चालताना तोल जाई. निरनिराळ्या डॉक्टरांना दाखवून झाले. दोष सापडेना, तेव्हा मनावरचा ताण, अतिश्रम, नसांची दुर्बलता अशी नावे दिली गेली. एवढ्या लहान वयात एवढी कीर्ती, सतत प्रवास, तेव्हा मनच थकले असणार, असा सरळ हिशेब. तिलाही तो पटला. १९७१ मध्ये तिने वादन थांबवले आणि पुढे ती मनोविश्लेषकाकडे जाऊ लागली. आपल्याच मनात काहीतरी कमकुवत आहे, असा ग्रह तिने करून घेतला होता. विसाव्या शतकात रोगाचा पत्ता लागेपर्यंत कितीतरी बायकांच्या दुखण्याला ‘नसांचे दुखणे’ हे नाव मिळाले. आपल्याकडेही ‘मनावर घेऊ नका’ हे औषध फार स्वस्त आहे.

आणि मग डिसेंबर १९७१ मध्ये एकाएकी बोटे परत आली. कित्येक महिने सेलोला हात न लावलेली ही बाई ध्वनिमुद्रणाला जाऊन बसली आणि दोन दिवसांत शोपँ व फ्रँक यांचे सोनाटे वाजवून मोकळी झाली. या मुद्रणाचे निर्माते होते सुवी राज ग्रब, दक्षिण भारतातून लंडनला गेलेले आणि तिथे मोठे नाव कमावलेले गृहस्थ. त्यानंतर बीथोव्हनचा एक सोनाटा सुरू केला, पण थोड्याच वेळात तिने सेलो खाली ठेवला. स्टुडिओतले ते तिचे अखेरचे वादन ठरले. हे असे का व्हावे? महिनोन्‌महिने हात चालत नाही, मग दोन दिवस पूर्ववत चालतो. पाहणाऱ्याला वाटावे, हिच्या मनात आले की हिला येते! या चढउतारानेच तिच्यावरचा संशय बळावला. वास्तविक तोच चढउतार रोगाची खूण होता.

१९७३ च्या जानेवारीत ती पुन्हा जलशांना उभी राहिली. फेब्रुवारीत लंडनला एल्गर. संचालक झुबिन मेहता. लंडनकरांनी तिला ऐकले ते हे शेवटचे. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला लेनर्ड बर्न्स्टाइन यांच्याबरोबर ब्राम्सचा व्हायोलिन व सेलो यांचा जोड-कन्चेर्तो होता, व्हायोलिनवर झुकरमन. पेटी उघडताना सेलोच्या पेटीची कडी तिच्या बोटांना उघडेना. गज हातात घेतला तर त्याचे वजन कळेना. तारांवर बोटे टेकलेली तिला जाणवत नव्हती. म्हणून ती डोळ्यांनी पाहून एकेक बोट जागेवर ठेवीत होती. चार प्रयोग ठरले होते. असे तीन तिने केले. चौथ्याला ती बसू शकली नाही. आयझॅक स्टर्न यांनी येऊन दुसरीच रचना वाजवली. पुन्हा तिने जाहीर जलशात सेलो वाजवला नाही. वय अठ्ठावीस.

ऑक्टोबर १९७३ मध्ये निदान झाले: मल्टिपल स्क्लेरोसिस. थोडक्यात एम. एस. (आपल्याकडे एम. एस. म्हटले की शल्यचिकित्सकाची पदवी डोळ्यांसमोर येते. ती गोष्ट निराळी.) निदान ऐकून तिला धक्का तर बसलाच, पण हायसेही वाटले. आपण वेड्या नाही, दुबळ्या मनाच्या नाही, हे अखेर कुणीतरी सांगितले होते.

आता थोडे माझ्या विषयाकडे वळतो. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असते तसे मज्जातंतूवर मायलिनचे आवरण असते, असे पाठ्यपुस्तकात सांगतात. उपमा अपुरी आहे. मायलिन नुसती गळती थांबवीत नाही, ते संदेशाला उड्या मारीत पुढे जावयास लावते. जाड आवरणाच्या तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावू शकतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून तो एक-दोन मीटरच जातो. या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जू यांतील मायलिनवरच उलटते. जागोजाग चट्टे पडतात. कुठे संदेश मंदावतो, कुठे अडतो. सुरुवातीच्या काळात सूज ओसरली की वाट काही अंशी मोकळी होते आणि रोगी बरा झाल्यासारखा दिसतो. डिसेंबर १९७१ चे कोडे असे सुटते. चट्टा कुठे पडेल याचा नेम नसतो, म्हणून एकाचे डोळे जातात, एकाचे पाय, तर एकाची बोटे.

बोटांच्या बारीक कामाला तर एकाच वेळी अनेक वाटा लागतात. बोट कुठे आहे, कशाला टेकले आहे ही बातमी वर जावी लागते; हलण्याची आज्ञा खाली यावी लागते; आणि चुकामूक झाली तर लहान मेंदूला ती वाटेतच दुरुस्त करावी लागते. यांपैकी कोणतीही एक वाट बिघडली की शर्टाचे बटण, सुईतला दोरा, चेकवरची सही ही डोंगराएवढी कामे होतात. हाताची ताकद शाबूत असते, मूठ घट्ट वळता येते. म्हणून वरवर तपासणाऱ्याला काही आढळत नाही. जॅकलिनचा हात सामान्य माणसाच्या मानाने चांगलाच चालत असताना तिच्या स्वतःच्या मापाने तो केव्हाच मोडला होता. ते माप डॉक्टरांपाशी नव्हते. एम. आर. आय.ने या रोगाचे चट्टे दिसू लागले ते १९८१ नंतर, आणि रोगाची गती रोखू पाहणारे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले ते १९९३ मध्ये.

हाताची ही निपुणता मोजण्यासाठी आता एक साधी चाचणी वापरतात. फळीवर नऊ भोके, नऊ खुंट्या. एकेक खुंटी बसवावयाची, मग एकेक काढावयाची, आणि घड्याळ लावून वेळ मोजावयाचा. धडधाकट तरुणाला सुमारे वीस सेकंद लागतात. आमच्या प्रयोगशाळेत सुताराकडून अशी एक फळी करून घेतली आहे. विद्यार्थ्यांच्या हातांत एकावर एक असे दोन जाड रबरी मोजे चढवतो आणि पुन्हा करावयास सांगतो. वेळ वाढतो हे अपेक्षितच. पण खरी पाहण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. सगळ्यांच्या माना आपोआप खाली येतात. स्पर्श गेला की डोळे त्याच्या जागी कामाला लागतात. वर्गात हसणे-खिदळणे चाललेले असते. न्यूयॉर्कचे ते तीन प्रयोग सांगितले की थांबते.

आता या रोगाच्या दुसऱ्या अंगाविषयी. याच्याबद्दल फार कमी बोलले जाते. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांनी १८६८ मध्ये या रोगाचे पहिले नीट वर्णन केले, तेव्हाच त्यांनी रुग्णांची स्मृती क्षीण होते, विचार मंद गतीने होतो, हे नोंदवून ठेवले होते. पुढच्या वैद्यांनी त्याकडे जवळजवळ शंभर वर्षे काणाडोळा केला. एम. एस. हा हातापायांचा रोग, बुद्धीचा नव्हे, असे समजत. १९९१ मध्ये अमेरिकेत स्टीफन राओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या नव्हे, तर समाजात वावरणाऱ्या शंभर रुग्णांची पद्धतशीर परीक्षा घेतली. त्यांतल्या ४३ टक्क्यांच्या बौद्धिक कार्यात ऱ्हास आढळला. म्हणजे ही माणसे निर्बुद्ध होतात असे मुळीच नाही. भाषा, शिकलेले ज्ञान, रसिकता पुष्कळदा टिकून असते. मंदावतो तो वेग. प्रश्न समजतो, उत्तर ठाऊक असते, पण दोहोंच्या मधला रस्ता लांबतो. दोन गोष्टी एकदम मनात धरता येत नाहीत. नुकतेच ऐकलेले निसटते. मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणारे तंतूही मायलिनचेच, मग दुसरे काय होणार?

हे मोजण्यासाठी नऊ चिन्हांच्या जागी नऊ आकडे भरण्याची दीड मिनिटाची परीक्षा असते. ती लेखी घेतली तर मन मंद की हात मंद हे कळत नाही. म्हणून रुग्णाला आकडे तोंडी सांगू देतात. एवढीशी युक्ती, पण परीक्षा घेणाऱ्या प्रत्येकाने, आपण प्राध्यापकांनी सुद्धा, विचार करण्याजोगी.

जॅकलिनची पुढची चौदा वर्षे चाकांच्या खुर्चीत आणि मग अंथरुणावर गेली. सुरुवातीची काही वर्षे ती शिकवीत असे. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस बी. बी. सी.वर तिचे वर्ग दाखवले गेले. स्वतः वाजवून दाखवता येत नसल्यामुळे ती गाऊन आणि बोलून समजावी. कान पूर्वीइतकाच तिखट होता. १९७६ मध्ये तिला ओ. बी. ई. हा किताब मिळाला. प्रोकोफिएफच्या ‘पीटर अँड द वुल्फ’चे निवेदनही तिने केले. पुढे पुस्तकाचे पान उलटणे अशक्य झाले, अक्षर दिसेना. स्नेही येऊन वाचून दाखवीत. वाचाही अडखळू लागली. तिच्या जवळच्या माणसांनी नंतर लिहिलेल्या आठवणींत तिच्या स्मरणातल्या आणि स्वभावातल्या बदलांचे उल्लेख आहेत: भलत्या वेळचे हसणे, एकाएकी उसळणारा राग. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी लंडनमध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, ती वारली.

दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, तिची बहीण हिलरी आणि भाऊ पियर्स यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले आणि १९९८ मध्ये त्यावरून चित्रपट निघाला. त्यांत आजाराच्या सुरुवातीच्या काळातले तिचे वागणे, कुटुंबातल्या फार खाजगी गोष्टींसह, उघड्यावर आले. रोस्ट्रोपोविच, मेन्युहिन, पर्लमन, झुकरमन अशा थोरामोठ्यांनी निषेधाचे पत्र प्रसिद्ध केले. आम्ही ओळखत होतो ती ही जॅकलिन नव्हे, असा त्याचा आशय. भावंडांना आपली हकिकत सांगण्याचा अधिकार नाही असे मी म्हणणार नाही. एका घरात असामान्य मूल असले की इतरांच्या वाट्याला काय येते, हेही त्यांनी सोसले होते. पण १९७१ सालच्या जॅकलिनची वागणूक तोलताना तागडीच्या एका पारड्यात तो रोग ठेवलाच पाहिजे, असे मला वाटते. किती वजनाचा, ते कुणालाच सांगता येणार नाही. निदान व्हायचे होते, मेंदूत चट्टे मात्र पडू लागले असणार. अशा वेळी कोणता शब्द तिचा आणि कोणता आजाराचा? न्यूयॉर्कला सुटलेल्या सुराला आपण रोगाची चूक म्हणतो आणि तिला क्षमा करतो. घरात सुटलेल्या तोलाला मात्र स्वभाव म्हणतो. दोन्ही एकाच मेंदूतून आले होते.

हा रोग थंड देशांत जास्त, आपल्याकडे त्या मानाने कमी. पण नाही असे नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत १९८५ पासून, म्हणजे जॅकलिन हयात असतानाच, काम करू लागली होती.

लंडनमधील गोल्डर्स ग्रीन येथील ज्यू दफनभूमीत तिची समाधी आहे. ऑक्सफर्डला, तिच्या जन्मगावी, सेंट हिल्डाज कॉलेजात १९९५ साली तिच्या नावाचे संगीतभवन उभे राहिले. १७१२ सालचा तो डेव्हिडॉव्ह सेलो पुढे यो-यो मा यांच्या हाती गेला.